स्टीव्हन्टनची रेक्टरी : पदाला बांधलेलं घर

एडवर्ड नाइट या इंग्लिश जमीनदाराने १८२० नंतरच्या काही वर्षांत हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टन या खेड्यातलं एक जुनं घर पाडून टाकलं. त्या घरात तो स्वतः लहानाचा मोठा झाला होता. त्याच्या आईवडिलांनी तिथे तेहेतीस वर्षं संसार केला, त्यानंतर थोरल्या भावाने केला. धाकट्या बहिणीने त्याच घराच्या वरच्या मजल्यावर बसून तीन कादंबऱ्यांचे पहिले खर्डे लिहिले. बहिणीचं नाव जेन ऑस्टिन. घर पडलं तेव्हा तिला जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती.

आज आपण याला करंटेपणा म्हणू. पण गावच्या पाद्र्याच्या घराचे त्या काळचे नियम समजून घेतले की एडवर्डचं वागणं अगदी सरळ दिसू लागतं. घराचं जगणं आणि मरणं त्याच नियमांत होतं.

इंग्लंडमध्ये गावच्या चर्चचा मुख्य पाद्री, म्हणजे रेक्टर, पगारी नोकर नसे. पदाबरोबर त्याला तीन गोष्टी मिळत : गावातल्या पिकाचा आणि जनावरांच्या वाढीचा दशांश, चर्चच्या नावावरची थोडी जमीन आणि राहायला घर. या घराला रेक्टरी किंवा पार्सनेज म्हणत. रेक्टर एकदा नेमला गेला की मरेपर्यंत किंवा स्वतःहून पद सोडेपर्यंत त्याला हलवणं जवळजवळ अशक्य असे. नेमणुकीचा हक्क बऱ्याच ठिकाणी बिशपकडे नसून गावच्या जमीनदाराकडे असे, आणि हा हक्क जमिनीसारखा विकता-विकत घेता येई, वारशातही जाई. आपल्याकडच्या वतनाची इथे आठवण येते, पण फरक मोठा आहे. वतन बापाकडून मुलाकडे जाई. रेक्टरच्या मुलाला बापाच्या घरावर काडीचाही हक्क नसे. रेक्टर वारला की विधवेने आणि मुलांनी चंबूगबाळं आवरून निघायचं.

यात आणखी एक मेख होती. हयातभर घर नीट राखणं ही रेक्टरची जबाबदारी. ते त्याने टाळलं, तर त्याच्यानंतर येणारा रेक्टर गळक्या छपराचा आणि कुजलेल्या तुळयांचा खर्च त्याच्याकडून, तो नसेल तर त्याच्या वारसांकडून, वसूल करू शके. म्हणजे नवरा गेल्याच्या दुःखातच विधवेच्या हाती दुरुस्तीचं बिल. त्यावरून गावोगावी वैरं होत. जेनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये आधीच्या रेक्टरची विधवा मिसेस नॉरिस आणि नवे रेक्टर डॉ. ग्रँट यांचं पहिल्यापासून बिनसतं ते अशाच दुरुस्तीच्या हिशेबावरून. हा तपशील सुचायला लेखिकेला फार दूर जावं लागलं नसेल.

जेनचे वडील जॉर्ज ऑस्टिन १७३१ मध्ये केंट परगण्यातल्या टनब्रिजला जन्मले. लहानपणीच पोरके झाले. वकील असलेल्या काकाच्या आधाराने शिकले आणि ऑक्सफर्डला पोचले. १७६१ मध्ये दूरचे नातलग असलेल्या थॉमस नाइट या बड्या जमीनदाराने त्यांना स्टीव्हन्टनचं रेक्टरपद दिलं. १७६४ मध्ये कसँड्रा ली यांच्याशी लग्न झालं, तेव्हा रेक्टरी राहण्याजोगी नव्हती. म्हणून जोडपं दीडेक मैलावरच्या डीन गावात, तिथल्या भाड्याने घेतलेल्या पार्सनेजमध्ये चार वर्षं राहिलं. पहिले तीन मुलगे तिथे झाले. १७६८ मध्ये स्टीव्हन्टनची डागडुजी पुरी झाली आणि कुटुंब हललं. मधला रस्ता चाकोऱ्यांनी इतका खणला गेला होता की हलकी घोडागाडी त्यावरून जाईना. आजारी असलेल्या मिसेस ऑस्टिनना सामानाच्या गाड्यात, मऊ सामानावर पिसांची गादी अंथरून नव्या घरी नेलं, अशी आठवण कुटुंबात पुढे सांगितली जाई.

ज्या घरात त्या उतरल्या, ते दिसायला शेतकऱ्याच्या घरासारखंच होतं. उथळ दरीत, गावाच्या एका टोकाला, भोवती उताराची कुरणं आणि एल्मची झाडं. दोन मजले, वर छपरात खिडक्या काढलेला माळा. पुढच्या बाजूला बग्गी वळवायला मोकळी जागा. तळमजल्यावर समोर एक चांगली बैठक, एक रोजची बैठक आणि स्वयंपाकघर. मागे रेक्टरसाहेबांची पुस्तकांची खोली. वर सात झोपायच्या खोल्या, माळ्यावर आणखी तीन. ऐसपैस होतं, पण ऐटबाज नव्हतं. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे कोरीव पट्टी नाही. वरच्या मजल्याच्या तुळया खालच्या खोल्यांत उघड्याच आलेल्या, त्यांवर नुसता रंग नाहीतर चुना. जेनच्या पुतण्याने हे वर्णन लिहिलं तेव्हा त्याच्या काळातली मध्यम घरंसुद्धा याहून नीटस होती, आणि आपल्या आजोबांच्या घराबद्दल थोडं अवघडून बोलावं तसा त्याचा सूर लागला आहे.

मागे दक्षिणेला जुन्या वळणाची बाग होती. तिच्यात फुलं आणि भाज्या शेजारी शेजारी. एका बाजूला मातीची, गवताने शाकारलेली भिंत. बागेच्या वरच्या अंगाला हिरवळीचा उंचवटा होता. ‘नॉर्थँगर ॲबी’ची नायिका लहानपणी घरामागच्या हिरव्या उतारावरून लोळत खाली येते. तो उतार हाच असावा असं पुतण्याचं म्हणणं, आणि ते मानायला माझी हरकत नाही. घरापासून झाडाझुडपांच्या कडेने दोन पायवाटा निघत, त्यांतली एक टेकडीवरच्या चर्चकडे जाई. सेंट निकोलसचं ते दगडी चर्च तेराव्या शतकाच्या आसपासचं आहे आणि अजून उभं आहे.

पदाची मिळकत सुरुवातीला तुटपुंजी होती. १७७३ मध्ये डीनचं रेक्टरपदही मिळालं, तरी दोन्ही मिळून वर्षाला सुमारे दोनशे पौंड. घरात पोरं वाढत होती. सगळी मिळून आठ झाली, सहा मुलगे आणि दोन मुली. मग नाइट यांच्याकडून चीझडाउन नावाचं शेत खंडाने घेतलं. मिसेस ऑस्टिन गाई, कोंबड्या, बदकं पाहत. लोणी घरचं, बिअर घरची, बटाटे घरचे. शिवाय १७७३ ते १७९६ पर्यंत रेक्टरसाहेबांनी घरातच मुलांची शाळा चालवली. सधन घरांतले मुलगे राहून लॅटिन-ग्रीक शिकत आणि त्यांचे बाप वर्षाला पस्तीसेक पौंड देत. म्हणजे या एका छपराखाली चर्चचं कार्यालय, शेतकऱ्याचं घर आणि वसतिगृह अशा तीन गोष्टी नांदत होत्या. हे काही एकट्या ऑस्टिन घराण्याचं वैशिष्ट्य नव्हतं. अठराव्या शतकातल्या कितीतरी पार्सनेजमध्ये हेच चाले.

जेन जन्मली ती १६ डिसेंबर १७७५ रोजी. हिवाळा भयंकर कडक होता. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी तिचा घरगुती बाप्तिस्मा उरकला. चर्चमधला विधी थंडी ओसरल्यावर, ५ एप्रिल १७७६ ला झाला.

या खेड्यातल्या घराचा हिंदुस्थानशी बराच जवळचा संबंध होता. जॉर्ज ऑस्टिन यांची बहीण फिलाडेल्फिया १७५२ मध्ये नवरा शोधायला जहाजाने हिंदुस्थानात आली. अनेक गरीब इंग्लिश मुली तेव्हा येत, तशीच. कंपनी सरकारचा डॉक्टर टायसो सॉल हँकॉक याच्याशी तिचं लग्न झालं आणि १७६१ मध्ये कलकत्त्यात तिला एलायझा ही मुलगी झाली. एलायझाचा धर्मपिता होता वॉरन हेस्टिंग्ज. तोच तिचा खरा बाप, अशी कुजबुज कलकत्त्यात चालायची. हेस्टिंग्जने आपला आईविना पोरका मुलगा, छोटा जॉर्ज, इंग्लंडला धाडला होता. नवविवाहित ऑस्टिन दांपत्याने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं, पण १७६४ च्या शरद ऋतूत घशाच्या रोगाने तो त्यांच्याच घरी गेला. हेस्टिंग्ज हे नाव आपल्याला वेगळ्याच कारणासाठी पाठ आहे. जेन जन्मली त्या वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला होता. हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असलेल्या कलकत्त्याच्या कौन्सिलने तो झिडकारला आणि जेन अडीच महिन्यांची असताना पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. त्याच सुमारास हेस्टिंग्जने एलायझाच्या नावे दहा हजार पौंडांची ठेव करून दिली. जेनच्या वडिलांच्या मिळकतीशी ताडून पाहिलं तर हा आकडा चक्रावून टाकतो.

त्या पैशाच्या थाटात वाढलेली, फ्रेंच सरदाराशी लग्न केलेली एलायझा १७८७ च्या नाताळात स्टीव्हन्टनला आली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. ऑस्टिन मुलं १७८२ पासून हौशी नाटकं करत होतीच. थंडीत बैठकीत, उन्हाळ्यात रस्त्यापलीकडच्या धान्याच्या कोठारात. थोरला जेम्स नांद्या लिहून देई. एलायझा नायिका झाली, दोन भाऊ तिच्यावर फिदा झाले आणि बारा वर्षांची जेन हे सगळं बघत बसली. पुढे ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधल्या नाटकाच्या तालमींमुळे घरात जो गोंधळ उडतो, त्याचं बी त्या कोठारात पडलं असणार. एलायझाच्या नवऱ्याचं डोकं १७९४ मध्ये पॅरिसमध्ये गिलोटिनखाली गेलं, आणि १७९७ च्या अखेरीस ती जेनचा भाऊ हेन्री याची बायको झाली.

भाऊ एकेक करून बाहेर पडले. दोघे आरमारात गेले. एडवर्डला तर थॉमस नाइट यांच्या निपुत्रिक मुलाने आणि सुनेने १७८३ च्या सुमारास दत्तकच घेतलं. पुढे सगळी इस्टेट आणि १८१२ मध्ये नाइट हे आडनाव त्याच्याकडे आलं. घर रिकामं होऊ लागलं तशी जेन आणि कसँड्रा या बहिणींना वर झोपायच्या खोलीला लागून एक बसायची खोली मिळाली. ही खोली आपल्याला माहीत आहे ती त्यांच्या पुतणीमुळे. जेम्सची मुलगी ॲना दोन वर्षांची असताना आईवेगळी झाली आणि आजीकडे राहायला आली. म्हातारपणी तिने आठवून सांगितलं : चॉकलेटी रंगाचा साधासा गालिचा, वर पुस्तकांच्या फळ्या असलेलं रंगवलेलं कपाट, जेनआत्याचा पियानो, खिडक्यांच्या मध्ये आरसा आणि त्याखाली टेबलावर शिवणकामाच्या दोन लंबगोल पेट्या. जेनआत्या कसँड्राआत्याला काहीतरी वाचून दाखवत असे. ॲना ते ऐके आणि खाली जाऊन त्यातली नावं बडबडत सुटे. लिखाण मोठ्यांपासून लपवलेलं, त्यामुळे पोरीला गप्प करावं लागे. ते वाचन होतं ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’चं, म्हणजे पुढे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ झालेल्या कादंबरीचं. ऑक्टोबर १७९६ ते ऑगस्ट १७९७ या काळात ती लिहून झाली. नोव्हेंबरमध्ये वडिलांनी लंडनच्या कॅडेल या प्रकाशकाला पत्र टाकून विचारलं; हस्तलिखित न पाहताच उलट टपाली नकार आला. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ आणि ‘नॉर्थँगर ॲबी’ यांचीही पहिली रूपं याच खोलीतली.

१८०० च्या डिसेंबरात वडिलांनी अचानक ठरवलं की काम जेम्सवर सोपवायचं आणि बाथ शहरात जाऊन राहायचं. बाहेरून परतलेल्या जेनला दारातच ही बातमी कळली आणि तिला घेरी आली, असं घरात सांगत. खरं-खोटं कोण जाणे, पण त्या पाठोपाठच्या काही आठवड्यांतली तिची पत्रं उरलेली नाहीत. कसँड्राने ती नष्ट केली असा बहुतेक चरित्रकारांचा कयास आहे. निवृत्त रेक्टरने घर सोडताना नेता येईल ते न्यायचं, बाकी विकायचं. वडिलांची पाचशेच्या आसपास पुस्तकं गेली, टेबलं गेली, जेनचा पियानो आठ गिनींना गेला. तिची त्या वेळची पत्रं किमतींनी भरलेली आहेत. वरून विनोदी, आतून चिडलेली. पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी. घर वडिलांच्या पदाचं, आणि पदाचं काम आता भावाकडे चाललेलं. त्या वेळी दशांश वाढवून वाढवून वडिलांची मिळकत सहाशे पौंडांच्या घरात पोचत होती, पण १८०५ च्या जानेवारीत ते वारले त्याच दिवशी ती थांबली. आई आणि दोघी मुली पुढची चार वर्षं भाड्याच्या घरांतून आणि नातलगांकडे फिरत राहिल्या. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ची सुरुवातच मुळी वडील वारल्यावर आई आणि मुलींना सावत्र भावासाठी घर सोडावं लागतं, इथून होते. जेनच्या कादंबऱ्यांत लग्नाइतकीच घरांची चर्चा का असते, याचं उत्तर शोधायला दूर जायला नको.

जेम्स १८१९ च्या डिसेंबरात वारला. अठरा वर्षांपूर्वीचा प्रसंग पुन्हा घडला, या वेळी त्याची विधवा आणि मुलं निघाली. आता नेमणुकीचा हक्क एडवर्डकडे होता आणि त्याला आपल्या विल्यम या मुलाला तिथे बसवायचं होतं. पण पाद्री व्हायला वयाची चोवीस वर्षं पुरी लागत आणि विल्यम १७९८ चा. मधली दोन-तीन वर्षं जागा राखायला भाऊ हेन्री उपयोगी पडला. त्याची बँक १८१६ मध्ये बुडाली होती आणि तो नुकताच पाद्री झाला होता. विल्यम आला आणि एडवर्डने त्याच्यासाठी दरीच्या दुसऱ्या बाजूला, चढावर, नवी प्रशस्त रेक्टरी बांधली. खालचं घर ओलसर होतं, पावसात पाणी शिरे. एका पदाला दोन घरं कशाला? जुनं पाडलं.

हे एकट्या स्टीव्हन्टनला घडलं नाही. १७७६ मध्ये गिल्बर्टचा कायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला आणि पदाच्या भावी मिळकतीवर कर्ज काढून रेक्टरी बांधायची मुभा मिळाली. फ्रान्सशी चाललेल्या लढायांत धान्याचे भाव चढले, त्याबरोबर दशांश चढला. पाद्री शेतकऱ्यांच्या पंगतीतून उठून जमीनदारांच्या पंगतीत जाऊन बसला. मग अंगणातला उकिरडा आणि डोक्यावरच्या उघड्या तुळया त्याला खुपू लागल्या. जेनच्या कादंबऱ्यांत हा बदल जागोजागी दिसतो. ‘मॅन्सफिल्ड पार्क’मधला हेन्री क्रॉफर्ड एडमंडच्या होऊ घातलेल्या पार्सनेजबद्दल सल्ला देतो की गोठे हलव, घराचं तोंडच फिरव. एडमंड त्याला दाद देत नाही. मला वाटतं, त्या जागी स्टीव्हन्टनचं घर तिच्या डोळ्यांपुढे होतं. नव्या घराने सुख आणलंच असं मात्र नाही. विल्यम पन्नास वर्षं रेक्टर राहिला, आणि १८४८ मध्ये त्याच्या तीन चिमुरड्या मुली एकाच साथीत स्कार्लेट तापाने गेल्या. चर्चमध्ये त्यांची पाटी आहे.

आणि लेखिकेचं काय? तिच्या हयातीत पुस्तकांवर तिचं नाव छापलंच गेलं नाही. पहिल्या कादंबरीवर ‘एका बाईने लिहिलेली’ एवढंच. नाव जाहीर केलं ते हेन्रीने, तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस. घर पडलं त्या वर्षांत तिची पुस्तकं दुकानांत नव्याने छापलीही जात नव्हती. ती पुन्हा बाजारात आली १८३२ च्या सुमारास. लेखकाचं जन्मघर राखायची रीत तेव्हा नुकती कुठे मूळ धरत होती.

घराचं चित्र उरलं ते आठवणींतून. जेम्सचा मुलगा जेम्स एडवर्ड ऑस्टिन-ली त्या घरात वाढला. त्याने १८६९ मध्ये आत्याचं पहिलं चरित्र प्रसिद्ध केलं. ॲनाने घराची रेखाटनं केली. धाकटी बहीण कॅरोलाइन त्याच घरात जन्मली. तिनेही लिहून ठेवलं. आज आपण ज्याला स्टीव्हन्टनची रेक्टरी म्हणतो, ती बऱ्याच अंशी या तीन भावंडांच्या स्मरणातली आहे. १९०२ मध्ये कॉन्स्टन्स हिल या लेखिकेने जेनच्या घरांवर पुस्तक काढलं. ती गावात गेली तेव्हा तिला शेतात एक हातपंप दाखवला गेला. घरामागच्या धुण्याच्या खोलीत असलेला तो हाच. पुढे बराच काळ कुंपणात उभा असलेला लोखंडी पंप ही त्या जागेची एकमेव खूण होती. जवळचं लिंडनचं झाड जेम्सने लावलं असं सांगतात. २०११ मध्ये तिथे पुरातत्त्वाच्या रीतीने उत्खनन झालं. पायाच्या भिंती मिळाल्या, फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, काच, खिळे मिळाले. कुणाच्याही परसात मिळतील अशाच वस्तू, पण स्मरणचित्रांशी ताडून पाहायला हाताशी पहिल्यांदाच काहीतरी ठोस आलं.

डीनचं पार्सनेजही पुढे पडलं. जिथे जेनने एका रात्रीत लग्नाला होकार देऊन सकाळी तो मागे घेतला, तो मॅनिडाउनचा वाडा १९६० च्या दशकात गेला. टिकलं ते चॉटनचं घर. १८०९ मध्ये एडवर्डनेच ते आईला आणि बहिणींना राहायला दिलं आणि सहाही कादंबऱ्या छापखान्याकडे गेल्या त्या तिथून तयार होऊन. ते चर्चचं नव्हतं, नाइट इस्टेटीचं होतं. कुठला नवा रेक्टर येऊन त्याला जुनाट म्हणणार नव्हता. नंतर त्यात मजुरांची बिऱ्हाडं झाली, खोल्यांची वाटणी झाली, पण भिंती शाबूत राहिल्या. १९४० मध्ये स्थापन झालेल्या जेन ऑस्टिन सोसायटीने त्यासाठी पैसा उभा करायला सुरुवात केली आणि १९४९ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं.

स्टीव्हन्टनच्या पदाने एक गोष्ट मात्र जपली. १७५३ च्या कायद्याने प्रत्येक चर्चला छापील नमुन्यातल्या विवाहनोंदी ठेवणं सक्तीचं झालं आणि ती वही रेक्टरच्या ताब्यात असे. स्टीव्हन्टनच्या वहीत पहिल्या पानावर नोंद कशी करायची याचे कोरे नमुने होते. किशोरवयातल्या जेनने ते भरून टाकले, स्वतःच्या लग्नाच्या खोट्या नोंदींनी. पहिला वर लंडनचा हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यम, दुसरा लिव्हरपूलचा एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर. तिसरा नुसता जॅक स्मिथ. सरकारी दस्त असल्यामुळे ती वही कुणाला फेकता आली नाही, आणि आज ती विंचेस्टरमधल्या हॅम्पशरच्या अभिलेखागारात आहे.